एकोणतीस अंडी

मराठी मूल पहिलीत गेले की महिन्याभरात त्याची गाठ ईडलिंबाशी पडते. तक्त्यावर 'ई'समोर ते पिवळेधमक फळ असते आणि वर्ग एका सुरात त्याचे नाव घेतो. माझी साठी उलटली, पण ईडलिंबू मंडईतून पिशवीत घालून घरी आणल्याचे मला आठवत नाही. 'ई'साठी मराठीला दुसरे फळ सापडले नसेल, त्याबद्दल ईडलिंबावर राग नाही. पण सहा वर्षांचे मूल घरून जे जे हाताळून, फोडून, चाखून आलेले असते ते वर्गाच्या उंबऱ्यावर चपलांसारखे काढून ठेवायचे आणि आत चित्रांकडे बघत बसायचे, ही आपली जुनी खोड आहे. ती मोडायला काय लागते याचा विचार करताना माझ्यापुढे एकच वस्तू येते, ती म्हणजे कोंबडीचे अंडे.

हे मला सुचलेले नाही. जव्हारच्या बाजूला मी बँकेच्या शाखेत होतो तेव्हाची काही घरे अजून धरून आहेत, म्हणून अधूनमधून तिकडे जाणे होते. (तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ साली पालघर वेगळा झाला.) तिथल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या बाई अंड्यांचा ट्रे घेऊन बसलेल्या पाहिल्या. दुकानदार फेकून देतात तो राखाडी लगद्याचा ट्रे. त्यात सहा-सहा खळग्यांच्या पाच ओळी, म्हणजे तीस जागा. बाईंनी कात्रीने त्याचे तीन तुकडे केले, प्रत्येक तुकडा दोन खळगे रुंद आणि पाच लांब. झाला दशक. एक तुकडा भरला की दहा, दोन भरले की वीस, आणि तिसऱ्यात चार ठेवले की चोवीस. दशक-एकक शिकवायला यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा चांगले साधन मी पाहिलेले नाही. आयुष्यभर नोटांची बंडले मोजलेल्या माणसाचे हे मत आहे, तेव्हा त्याला थोडी किंमत द्यावी.

मग बाईंनी तिन्ही तुकडे भरले आणि शेवटचे एक अंडे उचलून हातात घेतले. "आता किती?" मुले मोजू लागली. एक मुलगी मोजत नव्हती. ती रिकाम्या खळग्याकडे बघत होती. "तीसला एक कमी," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "त्यालाच एकोणतीस म्हणायचं."

मी थक्क झालो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द आपण सगळ्यांनी घोकून पाठ केले. त्यातल्या 'ऊन'चा अर्थ उणे, कमी, हे मला कॉलेजात कळले. इथे तो अर्थ लगद्याच्या ट्रेमध्ये खड्ड्यासारखा दिसत होता. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! टिंगल झाली, विधिमंडळापर्यंत विषय गेला. डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले होते की, आपण बोलताना एकक आधी घेतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, शिवाय जोडाक्षरे जड जातात, म्हणून लहान मुले अडखळतात. त्यांचे निदान मला तेव्हाही पटले होते. उपाय मात्र शब्द बदलण्यापेक्षा शब्दाच्या आत काय आहे ते दाखवण्यात असावा, असे त्या ट्रेमुळे वाटू लागले.

पण मोजणे चिंचोक्यांनीही होते. अंड्याची खरी गंमत पुढे आहे. दोन अंडी घ्या, एक उकडलेले आणि एक कच्चे. बाहेरून दोन्ही सारखी. उकडलेले कोणते हे न फोडता सांगायचे. मुले वास घेतात, हलवून बघतात, कानाला लावतात. मग दोन्ही ताटलीत गरगर फिरवायची. उकडलेले भोवऱ्यासारखे फिरते, कच्चे अडखळत, डुलत फिरते. फिरत्या अंड्यावर बोट टेकवून क्षणभर थांबवावे आणि लगेच सोडावे. उकडलेले गप्प राहते, आणि कच्चे पुन्हा आपणहून हलू लागते, कारण आतला बलक आणि पांढरा द्रव अजून थांबलेला नसतो. हे पाहून वर्गात जो आवाज होतो तो शेजारच्या वर्गाला त्रासदायक असतो, आणि होऊ द्यावा.

पाण्याचा प्रयोगही तसाच. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने होत चालले की जाड टोक वर करून उभे राहते, फार जुने झाले की तरंगते. अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून आतला ओलावा उडतो आणि जाड टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. ही परीक्षा गावातल्या बायका वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. तिला विज्ञान म्हणायचे हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्याच पाण्यात मीठ ढवळत गेले की बुडालेले ताजे अंडेही वर येते. वाटीभर व्हिनेगारमध्ये अंडे एक-दोन दिवस ठेवले तर कवचावर बुडबुडे येतात, कवच विरघळते आणि पातळ पडद्यातले रबरी अंडे हातात राहते. फक्त बाईंचा एक नियम असे. आधी प्रत्येकाने काय होईल ते सांगायचे, मग करून बघायचे. चुकीच्या उत्तराला हसायचे नाही. परीक्षेत शून्य मिळाले तर हिंदीत 'अंडा' मिळतो आणि मराठीत भोपळा, तेव्हा या वर्गात अंड्याला तेवढीही बदनामी नाही.

त्या वर्गात एक मुलगा होता. बाईंनी मला आधीच सांगितले होते की तो बोलत नाही. घरची बोली वेगळी, पुस्तकातली वेगळी, त्यामुळे जून महिन्यापासून तो भिंतीला टेकून बसे. अंडी आली त्या दिवशी बाईंनी विचारले, कोंबडीखाली ठेवलेली अंडी आणि दुसऱ्या कोंबडीने येऊन नवीन घातलेले अंडे, ओळखायचे कसे? वर्ग गप्प. तो उठला, काही न बोलता कोपऱ्यातला कोळशाचा तुकडा घेतला आणि एका अंड्यावर रेघ ओढली. खुडूक कोंबडी बसवायच्या आधी सगळ्या अंड्यांवर कोळशाची खूण करायची. बिनखुणेचे दिसले की ते उपरे, उचलायचे. त्यानंतर तो बोलला, आणि बराच बोलला. खुडूक कोंबडी कशी फुगते, जवळ गेले तर कशी चोच मारते, एकवीस दिवस कसे मोजायचे. दुकानातल्या अंड्यातून पिल्लू का निघणार नाही हेही त्याने सांगितले: तिथे कोंबडाच नसतो. बाईंनी त्याचे शब्द त्याच्या बोलीत फळ्यावर लिहिले आणि शेजारी पुस्तकातले.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली कोंबड्यांसाठी कर्जे देताना, ऐंशीच्या दशकात, अशाच खुणा केलेल्या अंड्यांची डालगी मी पाहिली होती. आमच्या तपासणीच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. त्या बाईला कोंबड्यांतले आमच्यापेक्षा जास्त कळते, हे तिला कागदावर सिद्ध करता येत नव्हते, इतकेच.

ही विचारसरणी आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत काम केले, तेव्हा महागडी परदेशी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, दगड यांनाच शैक्षणिक साधन केले. शाळेत मूल येत नसेल तर अंगणात शाळा नेली. तिथून अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शिंपले मात्र तिथेच राहिले.

आता अडचणीकडे येतो. एका शहरातल्या खाजगी शाळेत एका उत्साही शिक्षिकेने हेच करायचे ठरवले. दोन पालकांची पत्रे आली, 'आमच्या घरात अंडे चालत नाही.' व्यवस्थापनाने अंडी परत पाठवली आणि प्लॅस्टिकची मागवली. प्लॅस्टिकचे अंडे कसेही फिरवा, ते सारखेच फिरते.

शाकाहारी घराचा मान राखलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वर्गातले अंडे खाण्यासाठी नाही, ज्याला हात लावायचा नाही त्याने लांबून बघावे, कच्चे अंडे हाताळल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्या मुलाला आधीच विचारावे. हे एवढे केले की माझ्या मते प्रश्न संपतो. पण 'अंडे वर्गातच नको' असे म्हटले जाते तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या ज्या मुलाच्या घरी रोज सकाळी खुराडे उघडले जाते, त्याला एक गोष्ट न सांगता कळते: आपल्या घरचे काहीतरी इथे विटाळाचे आहे. हा धडा पक्का बसतो. त्याला उजळणी लागत नाही.

ताटातल्या अंड्याचेही तेच झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. न खाणाऱ्यांना केळे. विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधी थांबवला आणि हवी असल्यास लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. ज्या गावात वर्गणी गोळा होईल तिथल्या पोरांना घरीही अंडे मिळते. ज्यांना सहा ग्रॅम प्रथिनांचे ते एक अंडे हवे आहे त्यांचे गाव वर्गणी कुठून काढणार? बँकेत आम्ही याला तारण असलेल्यालाच कर्ज देणे म्हणायचो.

ताटाचा निर्णय मंत्रालयात होतो, वर्गाचा मात्र बाईंच्या हातात आहे. दुकानातला रिकामा ट्रे फुकट मिळतो. दोन अंडी, एक ताटली, एक पेला, मूठभर मीठ. जव्हारच्या त्या बाई अंडी विकत आणत नाहीत. मुलेच फडक्यात गुंडाळून आणतात, आणि तास संपला की आपापले अंडे ओळखून घरी परत नेतात. सगळ्यांवर कोळशाची खूण असते.