सूर्याचा बग रिपोर्ट

गेल्या शनिवारी चहा पिता पिता एका मित्राने व्हिडिओ दाखवला. "बघ, सूर्य म्हणजे विजेचा दिवा आहे! फ्यूजनबिजन सगळी थाप." पठ्ठ्याने स्वतः टेस्टिंगमध्ये दहा वर्षं काढली आहेत, म्हणून जास्तच डोकं फिरलं.

कल्पना जुनीच. राल्फ युर्गेन्सने ती १९७० च्या दशकात मांडली, डोनाल्ड स्कॉटने २००६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणे सूर्याला ऊर्जा बाहेरून येणाऱ्या विद्युतप्रवाहातून मिळते. पुरावा? सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश, पण वरचा करोना दहा लाख अंशांच्या पुढे! याचं पूर्ण उत्तर शास्त्रज्ञांकडे अजून नाही, हे मान्य. पण एक बग उघडा आहे म्हणून आपला सर्व्हर शेजारच्या बिल्डिंगमधून चालतो, असं कोणी म्हणेल का?

खरी टेस्ट केस वेगळीच आहे. गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होत असेल तर न्यूट्रिनो बाहेर पडलेच पाहिजेत. रे डेव्हिसने अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत ते मोजले, आणि भरले अंदाजाच्या जेमतेम एक तृतीयांश! १९६० च्या दशकाअखेरपासून तीसेक वर्षं हा बग उघडा राहिला. कोणी तो दडपला नाही. शेवटी २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने दाखवलं की न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात. सगळे प्रकार मोजले की हिशोब जुळतो. २०१४ मध्ये इटलीतल्या बोरेक्सिनोने तर मूळ प्रोटॉन-प्रोटॉन क्रियेचेच न्यूट्रिनो पकडले.

आता दुसऱ्या बाजूची टेस्ट. सूर्य चालवण्याइतका करंट बाहेरून येत असेल तर तो वाटेत दिसायला नको? पार्कर यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरवर जाऊन आलं. आपलं आदित्य एल-१ जानेवारी २०२४ मध्ये जागेवर पोचलं. सापडतो तो सूर्याकडून बाहेर वाहणारा सौरवारा!

मित्र म्हणाला, "तुम्ही प्रस्थापितांचे चमचे." अरे बाबा, होमस्टेकचा आकडा प्रस्थापितांनाच अडचणीचा होता, तरी तो छापला गेला. विद्युतसूर्यवाल्यांनी असा एक तरी आकडा आधी सांगावा, जो चुकला तर ते दुकान बंद करतील. मग बोलू.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण त्याची मुलगी आठवीत आहे, आणि विज्ञानाचं पुस्तक खोटं आहे असं तो तिला सांगतोय. म्हणून हा खटाटोप.