डोक्यावरची बत्ती पारखूनच घ्या

रात्रीच्या विजेवर उसाला दारे धरणारा आपला शेतकरी आणि मिरा-भाईंदरच्या उत्तन किनाऱ्यावरून अंधारात होडी लोटणारा कोळी बांधव, दोघांची गरज एकच. हात मोकळे हवेत आणि उजेड पुढे हवा. म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी आता घरोघर आली. पण दुकानात आपण भुलतो ते झगझगाटाला!

आमचे मत स्पष्ट आहे. पहिल्या मिनिटाचा झोत पाहू नका, तिसऱ्या तासाचा पाहा. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या एफएल-१ मानकात ल्युमेनचा आकडा दिवा लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच मोजतात. चालण्याचा वेळ मात्र उजेड दहा टक्के उरेपर्यंत धरतात. तेव्हा ‘आठ तास’ म्हणजे आठ तास लख्ख उजेड नव्हे.

आतल्या १८६५० सेलवर ‘९९०० एमएएच’ छापले असेल तर बत्ती परत ठेवा. चांगला सेलही साधारण ३५०० चाच असतो. ‘आयपीएक्स-७’ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. खाऱ्या पाण्याची ती हमी नव्हे. समुद्रावरून आल्यावर बत्ती गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावी.

घेतल्यावर पूर्ण चार्ज करून घरीच लावून ठेवा, दर तासाला भिंतीवरचा उजेड बघा. पावती जपा. बांधावर साप आहे की दोरी, हे पहाटे तीनला कळायला हवे. त्या वेळी दगा देणारी बत्ती फुकट मिळाली तरी महागच!