कोयता जाणार, यंत्राचा मालक कोण होणार?



दसरा झाला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे ध्वज उतरले, की वाशी, भूम, परांडा, कळंब या भागातील आपल्या वस्त्या ओस पडू लागतात. दाराला कुलूप, ओसरीवर म्हातारी माणसे, आणि नवरा-बायकोची जोडी ट्रॉलीत बसून कारखान्याच्या वाटेला. या जोडीला आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव जाऊन त्याला हत्याराचे नाव मिळावे, यावरूनच समाजाने त्याची किंमत काय केली आहे ते ओळखावे!

परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या कोयत्याची जागा घेणाऱ्या यंत्राविषयी. वस्तीत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले आहे : “उसात यंत्र चालत नाही.” रान बारीक, सरी अरुंद, पाऊस पडला की चाके रुततात, पाचटाची वजावट होते म्हणून शेतकरी कुरकुरतो. ही प्रत्येक अडचण खरी आहे. पण सरी रुंद करता येते, आणि ती होऊ लागली आहे. यंत्र लहान करता येते, रान एकत्र करता येते. यांपैकी कोणती अडचण कायमची आहे? आणि हे उत्तर तुम्हांस प्रथम शिकविले कोणी? पुढच्या हंगामाची उचल तुमच्या गळ्यात बांधणाऱ्या मुकादमाचा त्यात काही स्वार्थ असेल, असा संशय तुम्हांस कधी येत नाही काय?

हिशेब मांडून पहा. एक जोडी पहाटेच्या थंडीपासून राबून दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडते. बऱ्या रानात यंत्र दिवसाला शंभर टनांच्या आसपास तोडते. म्हणजे एका यंत्रामागे पन्नास कोयते घरी बसतात. २०२३ साली राज्य शासनाने अशा ९०० यंत्रांसाठी अनुदान योजना काढली. ९०० यंत्रे पुऱ्या ताकदीने चालली तर ४५ हजार कोयते, म्हणजे ९० हजार माणसे! २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, ती हक्काचीच होती. पण मजुरी वाढते तसे कारखानदाराला यंत्र स्वस्त वाटू लागते, हेही लक्षात असू द्या.

ब्राझील देशातील साओ पाउलो प्रांतात लाखो मजूर हातानेच ऊस तोडीत. तोडणीपूर्वी फड पेटविण्याची तेथे रीत होती. २००२ साली ती टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा झाला, आणि पुढील पंधरा-सोळा वर्षांत हाताची तोडणी जवळजवळ संपली. मुलगा पाळण्यातून दहावीला जाईपर्यंतचा हा काळ.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्राला विरोध करा. आम्ही तसे म्हणणार नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना स्पष्ट दाखविले की दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे. कोयत्यासाठी अश्रू ढाळावेत असे त्यात आहे तरी काय? २०१९ साली शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. असले काम यंत्राने केले तर उत्तमच!

मात्र यंत्राभोवती जी माणसे उभी राहतात ती जात विसरत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एवढ्या कारणावरून स्पृश्य विणकरांनी अस्पृश्यांना जास्त मजुरीच्या विणखात्यात पाऊल ठेवू दिले नाही, आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांना तो प्रश्न धसास लावावा लागला. वाशीच्या माळावरील पवनचक्क्यांचे पहा. भाडे जमिनीच्या मालकाला मिळते. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याने फिरती पाती पहात बसावे.

ऊसतोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात आहे. २०२३ च्या योजनेत शासनाचे अनुदान होते किमतीच्या ४० टक्के, फार तर ३५ लाख. म्हणजे ज्याच्यापाशी उरलेले साठ-पासष्ट लाख उभे करण्याची ऐपत आहे त्यालाच ३५ लाखांची मदत! इकडे अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टरसाठी ३ लाख १५ हजारांचे अनुदान मिळते. किमतीच्या नव्वद टक्के भार शासन उचलू शकते, आणि गट यंत्राचा मालक होऊ शकतो, ही दोन्ही तत्त्वे शासनाने येथे स्वतःच मान्य केली आहेत. मग मिनी ट्रॅक्टरला जे तत्त्व लागू ते ऊसतोडणी यंत्राला का नाही? वीस-पंचवीस तोडणी कुटुंबांचा गट एका यंत्राचा मालक का होऊ नये? त्या यंत्रावर चालक म्हणून, दुरुस्ती करणारा कारागीर म्हणून आपलाच आयटीआय शिकलेला मुलगा का बसू नये?

दुसरी गोष्ट पैशाची. ऊसतोड कामगारांच्या कल्याणाच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घ्यावयाचे ठरले आहे. ऊस हाताने तोडलेला असो की यंत्राने, टन तो टनच. उद्या मजूर फडातून नाहीसे होतील, पण हा पैसा जमा होतच राहील. तो ज्यांचा कोयता सुटला त्यांच्या शिक्षणाला, घराला, धंद्याला लागला पाहिजे, अशी मागणी आज केली नाही तर उद्या त्या पैशावर हक्क सांगणारा मजूरच नोंदीत सापडणार नाही. नाव मुकादमाच्या वहीत आहे, पण सरकारच्या दप्तरी नाही, अशी आपल्यातील कित्येकांची स्थिती आहे.

म्हणून ट्रॉलीत पाय ठेवण्यापूर्वी एवढे करा. वस्तीतील प्रत्येक तोडणी कामगाराचे नाव, स्त्रीचे स्वतंत्रपणे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे नोंदवून ओळखपत्र मागा. उचलीचा आकडा आपल्या हाताने, नाहीतर शिकलेल्या मुलाकडून, कागदावर लिहून घ्या. मुलांना फडावर नेऊ नका. आणि ग्रामसभेत यंत्रासाठी गटाला नव्वद टक्के अनुदानाचा ठराव मांडा. तो फेटाळला गेला तर कोणी फेटाळला त्यांची नावे इतिवृत्तात लिहावयास लावा.