स्तुतीपुरते स्टीफन्स

मराठीच्या वर्गात फादर थॉमस स्टीफन्स येतात ते बहुधा एकाच कामगिरीवर. एका इंग्रज जेझुइटाने मराठी भाषेची थोरवी गायिली, हे सांगून झाले की त्यांना निरोप मिळतो. १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ची दोन पुराणे आहेत, पहिल्यात ३६ अवस्वरू, दुसऱ्यात ५९, आणि एकूण ओव्या ११,०००च्या आसपास. या ९५ अवस्वरूंपैकी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घोकत आलो ते पहिल्याच अवस्वरूतील भाषास्तुतीच्या मोजक्या ओव्या. रत्नांच्या आणि फुलांच्या उपमा आम्हांला पाठ असतात. बाकीचे काव्य कशासाठी लिहिले गेले, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही, म्हणून तो मनातही येत नाही.

परक्याने आपले कौतुक केले की आपण मान डोलावतो, आणि ज्यासाठी तो आला ते तो सांगू लागला की उठून जातो. याला ग्रंथाचे वाचन म्हणण्यास आमची तयारी नाही.

स्टीफन्सना सांगायचे होते ते दुसऱ्या पुराणात आहे: ख्रिस्ताचे चरित्र, त्याच्या यातना, मरण आणि पुनरुत्थान. हा विषय जुन्या ग्रंथासोबत ग्रंथालयात जाऊन बसलेला नाही. दरवर्षी राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत कॅथलिक समाज तो पुन्हा जगतो. त्यासाठी गोव्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात आमचे अकोलाही येते. फाल्गुनातले ऊन वऱ्हाडात तापू लागते, त्याच आठवड्यांत येथील भाविक कपाळी राख लावून घेतात. ही राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादिलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. गतवर्षीच्या जयघोषाचीच ती राख. शुक्रवारी मांसाहार वर्ज्य आणि क्रुसाच्या वाटेची भक्ती. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी उपवास. चाळीस दिवसांत रविवार मोजत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस.

क्रुसाच्या वाटेची स्थाने चौदा. प्रत्येक स्थान म्हणजे एक छोटा प्रसंग: दंडाज्ञा, पहिले पडणे, आईची भेट, व्हेरोनिकेने तोंड पुसणे. तीन वेळा पडण्याचा किंवा व्हेरोनिकेचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत नाही. तो भाविकांच्या परंपरेने घडवला. कथा सर्वांना ठाऊक असते, तेव्हा उत्कंठेला वाव नाही. तरीही प्रत्येक थांब्यावर ऐकणारा आपली जागा बदलतो: कधी तो गर्दीतला, कधी आईजवळचा, कधी खिळे ठोकणाऱ्यांतला. कथनशास्त्र शिकविणाऱ्यांना याहून चांगला पाठ कोठे मिळणार? मात्र आमच्या साहित्यविचारात त्याची नोंद ‘धार्मिक साहित्य’ अशी होते आणि चर्चा तेथेच संपते.

धार्मिक म्हणून वर्ज्य, हा नियम मराठीने पाळला असता तर आमच्या हाती काय उरले असते? अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभावांची भूमी. ‘लीळाचरित्र’ हा एका पंथाचा श्रद्धाग्रंथ. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंद होते. त्या लिप्या उलगडल्या गेल्या, आणि आज लीळांच्या आधाराशिवाय मराठी गद्याचा इतिहास लिहिता येत नाही. त्याच रिद्धपुरात २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. चक्रधरांच्या लीळेला जो न्याय मिळाला तो क्रुसाच्या वाटेवरील स्थानाला का नाही? लिपीची सबब सांगावी तर ख्रिस्तपुराण १९५६ सालीच पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध झाले आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: हे पुराण धर्मांतराच्या राजवटीत लिहिले गेले. ते खरेच आहे. गोव्यात देवळे पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशन होते, आणि नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काही हवे होते म्हणून हे पुराण रचले गेले. पण हा इतिहास समजायचा तर संपूर्ण ग्रंथच वाचावा लागेल. केवळ भाषास्तुती वाचणाऱ्याला ना कवीची श्रद्धा कळते, ना त्या काळाची सक्ती.

दोष एकाच बाजूचा नाही. लॅटिनमधील मिस्सा लोकभाषांत आणण्याचे दार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उघडले; मराठी ओवीत ख्रिस्ताच्या यातना त्याआधी साडेतीन शतके गायिल्या गेल्या होत्या. एवढा वारसा पाठीशी असताना चर्चमधील मराठी प्रार्थना अनेकदा अनुवादाच्या ओझ्याने वाकलेली का वाटते, याचा विचार चर्चनेही करावा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने दुसरी वाट दाखवली, त्याला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पण २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा वाद झाला तो त्यांच्या झग्यावरून. त्यांच्या गद्याविषयी विरोधकांना काही म्हणायचे आहे असे दिसले नाही, कारण त्यासाठी ते वाचावे लागते.

ज्या समाजाचे प्रार्थनेचे शब्द आपण मराठी वाङ्मय मानत नाही, त्या समाजाला मराठी मानण्यातही आपण कुचराई करतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नाहीत. म्हणून मराठीच्या अध्यापकांकडे आमची मागणी साधी आहे. भाषास्तुतीच्या ओव्या एक वर्ष बाजूला ठेवाव्यात आणि दुसऱ्या पुराणातील यातनांचे अवस्वरू वर्गात वाचावेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या चर्चमध्ये पूर्वपरवानगीने जाऊन क्रुसाची वाट ऐकावी आणि तिच्या मराठीवर टिपण लिहावे. श्रद्धा ठेवण्याची अट कोणालाच नाही. लीळा वाचतानाही ती नव्हती.