अळंबी ताटात येण्यापूर्वी

मृगाचा पाऊस जिरला, चार दिवस उघडीप पडून पुन्हा सर आली, की वारुळाजवळ अळंबी डोके काढते. विदर्भात तिला कुठे टेकोडे म्हणतात, कुठे सात्या. खोबऱ्याच्या वाटणातल्या अळंबीपुढे मटणही फिके, असे आमचे मत आहे!

पण घराघरांत तिची एक परीक्षा चालते, ती धोक्याची आहे. शिजताना चांदीचे नाणे किंवा लसूण टाकायचा, काळा पडला नाही की खुशाल खायचे. यात काही तथ्य नाही. किड्यांनी कुरतडलेली छत्रीही माणसाला विषारी असू शकते. काही छत्र्यांचे जहर उकळून जात नाही, वाळवूनही नाही.

वारुळाची अळंबी वाळवीने जमिनीखाली राखलेल्या बुरशीच्या बागेतून उगवते. म्हणून तिचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल घरट्यापर्यंत जातो. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. नुसती वरून खुडली तर ही खूण हाती लागत नाही. तेव्हा एक तरी अळंबी बाजूची माती हलकेच उकरून देठासकट काढा. बाकीच्या कापून घ्या. पहारीने वारूळ फोडू नका, पुढच्या वर्षीची अळंबी त्याच घरट्यातून यायची आहे. देठाच्या बुडाशी अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी पिशवी दिसली, तर ती छत्री टाकून द्या. उकिरड्यावर किंवा गवतात उगवलेल्या, खालच्या पडद्यांवर हिरवट झाक असलेल्या छत्रीलाही हात लावू नका. ही झाक कोवळेपणी दिसत नाही, म्हणून कळ्या नकोतच. आणि एवढे पाहूनही जाणत्या माणसाला शंका वाटली, तर चूल पेटवू नका.

खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या झाल्या तर माणूस घाबरून दवाखाना गाठतो. सर्वांत घातक जहर मात्र सहा ते चोवीस तास गप्प बसते. मग उलट्या-जुलाब होतात, नंतर दिवसभर बरे वाटते, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. त्या उताराला भुलून घरी थांबू नका. त्याच ताटातले जेवलेल्या सर्वांना, त्रास नसला तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. उरलेली कच्ची अळंबी, निवडताना टाकलेले देठसुद्धा, कागदात गुंडाळून सोबत घ्या.