विहिरीतली घाण कोणाची, हे आधी ठरू द्या



गळीत हंगाम लागला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाच्या कडेला, बहुधा पाण्याजवळ, पालं पडतात. सोबत बैल, एखादी शेळी, लहान लेकरं. पुढे गावात दोन-चार घरी हगवण लागली की चावडीवरचा निकाल ठरलेला असतो : "टोळीवाल्यायनं हीर नासवली." मुकादमाला बोलावणे जाते, पालं उठवली जातात. काहून, तर ते बाहेरचे म्हणून. त्याच विहिरीच्या वरच्या अंगाला आपला उकिरडा असतो, गोठ्याची नाली तिकडेच उतरते, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ऊस आपला, कोयता त्यांचा, आणि दोषही त्यांचाच, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

पाणी खराब आहे की नाही एवढे आता गावातच कळते. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी बाटलीची एक साधी परीक्षा शोधली. बाटलीत पाणी भरून ठेवायचे, काळे पडले तर त्यात विष्ठेचा अंश आहे असे समजायचे. मग टीसीएल पावडर पडते आणि विषय संपतो. पण ती विष्ठा माणसाची की म्हशीची, हे काळी बाटली सांगत नाही. ई-कोलाय जंतूंची नुसती मोजणीही सांगत नाही. हा जंतू १८८५ साली एशेरिख नावाच्या डॉक्टरने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून शोधला. तो आपल्या आतड्यात असतो, गायीच्या असतो, बकरीच्याही असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात.

कोणी म्हणेल, घाण ती घाण, कोणाची का असेना. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला तेव्हा घाणीचा मालक विचारला नाही, हे खरे. पण विहिरीचे तसे नाही. घाण माणसाची असेल तर संडासाचा खड्डा हलवावा लागतो, टोळीसाठी संडास बांधावे लागतात. ढोरांची असेल तर गोठा आणि उकिरडा पाहावा लागतो. पटकी मुख्यतः माणसाच्या विष्ठेतूनच पाण्यात उतरते. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे उघड्या विहिरीच्या पाण्याने माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. उलट क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा हगवणीचा परजीवी वासरांच्या शेणातूनही येतो. आणि आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, अकोला काय नि अमरावती काय, गोड पाण्याची विहीर गावाला एखादीच. तिच्यावर चुकीचा इलाज करत बसायला सवड कोणाला आहे?

आता विज्ञानाने यावर तोड काढली आहे. आपल्या शेतकी विभागातला जुना माणूस फडात शिरला की कांडी आणि डोळा पाहून सांगतो, हा को ८६०३२, हा फुले २६५. त्याला नियम विचारा, धड सांगता येणार नाहीत. हजारो ऊस पाहून नजर बसलेली असते. संगणकालाही तशीच नजर बसवता येते, तिला मशीन लर्निंग म्हणतात. माणूस, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्या विष्ठेतल्या जंतूंची जनुके वाचून त्याला दाखवायची, प्रत्येक वेळी धनी कोण ते सांगायचे. मग विहिरीतला अनोळखी नमुना दिला की कोणाचा वाटा किती, याचा अंदाज तो सांगतो. असा एक हिशेब कोलोरॅडोच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली मांडला. एडिंबरोच्या रोझलिन संस्थेच्या मंडळींनी २०१६ साली तर त्याहून बारीक काम केले. गुरांतल्या ओ-१५७ या घातक ई-कोलायमध्येही माणसाला खरोखर बाधतील असे जंतू दहा टक्क्यांहून कमी निघाले. म्हणजे सरसकट गायीवर ठपका ठेवणेही बरोबर नाही.

आपल्याकडचा दाखला ओडिशाचा आहे. तेथील २४ गावांत पावसाळ्यात तपासणी झाली, २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. ती संगणकाला शिकवून नव्हे, ठरावीक जंतूंच्या खुणा शोधून केलेली होती. गावतळ्यांपैकी ७४ टक्क्यांत जनावरांच्या विष्ठेच्या खुणा सापडल्या, माणसाच्या फक्त ८ टक्क्यांत. घरांचे पाहाल तर ९६ टक्के घरांत जनावरांच्या आणि ४५ टक्के घरांत माणसांच्या. चावडीवर बसून निकाल देणाऱ्यांनी हे आकडे जरा सावकाश वाचावेत.

मात्र एक पक्के समजून घ्या. हे यंत्र जे पाहते तेच ओळखते. म्हैस कधी दाखवलीच नसेल तर म्हशीचे शेण ते गायीच्या नाहीतर माणसाच्या खात्यावर टाकील. काही पद्धतींत 'अनोळखी' असा वेगळा रकाना असतो, तो शहाणपणाचा. त्यात आपले पोटही वेगळे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये भारतीयांच्या आतड्यातील जंतूंवर बराच अभ्यास झाला आहे. आपल्याकडे प्रिव्होटेला जातीचे जंतू पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतात, आणि त्यांचेच भाऊबंद गायीच्या पोटातही भरपूर असतात. अमेरिकन पोटावर शिकलेल्या यंत्राला भाकर-वरण खाणारा वऱ्हाडी गडी अर्धा बैल वाटला, तर आम्हांस नवल वाटणार नाही!

म्हणून नमुने इथलेच हवेत. आपल्या गोठ्यांतले, आपल्या घरांतले, आणि टोळीच्या पालांतलेही, पण त्यांना विचारून, धाक दाखवून नव्हे. अकोल्यात पशुवैद्यकांची पदव्युत्तर संस्था आहे, नागपुरात नीरी आहे. कारखान्याने दोघांना पत्र लिहावे, गट कार्यालयांतून डब्या वाटाव्यात, आणि हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा, असे आमचे म्हणणे आहे. तोवर बाटली काळी पडली म्हणून कोणाचे पाल उठवू नये. टोळीला संडास आणि नळाचे पाणी द्यायला कोणत्याही अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही, ते याच हंगामात व्हावे.

विष्ठेची डबी द्यायची म्हटल्यावर पुष्कळांना हसू येईल, काहींना लाज वाटेल. पहिल्या डब्या आम्ही देतो, गोठ्यातली एक आणि घरातली एक.