उजनीकाठच्या पाहुण्यांचा हिशेब कुणी ठेवायचा?

पोस्ट लांब आहे, पण करमाळ्याच्या आणि विशेषतः उजनीकाठच्या लोकांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. एका बातमीसाठी केत्तूरच्या बाजूला गेलो होतो. पाण्याच्या कडेला पुण्याची गाडी उभी. नवरा-बायको, दोन मुलं, गळ्यात कॅमेरा. समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंचा थवा. मुलं नुसती उड्या मारत होती. त्या गृहस्थांनी विचारलं, "इथं बोट मिळते का?" म्हटलं, नाही. "जेवायची सोय?" म्हटलं, जेऊरला जा, नाहीतर करमाळ्याला. मग बाईंनी हळूच विचारलं, "टॉयलेट तरी?" मी गप्प.

टपरीवर चहा-बिस्किटं घेऊन ती मंडळी निघून गेली. टपरीवाल्याच्या गल्ल्यात पडले साठ रुपये. संध्याकाळी त्यांनी मला फोटो पाठवले, तेव्हा मीच खोचकपणे विचारलं, मग मुक्काम कुठं? कुंभारगावला. बोट, माशाचं जेवण, घरगुती मुक्काम, पक्षी दाखवणारा पोरगा, सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास खर्च झाला म्हणाले.

पाणी तेच, पक्षी तेच. पलीकडच्या काठाला सहा हजार, आपल्या काठाला साठ रुपये.

यात इंदापूरवाल्यांचा काही दोष नाही. भिगवण हायवेवर आहे, रेल्वे आहे, पुणं शंभर किलोमीटरवर. पण नुसता हायवे होता म्हणून झालं असं समजू नका. कुंभारगाव, डिकसळच्या मच्छीमारांच्या पोरांनी पक्ष्यांची नावं पाठ केली. पट्टकादंब कुठला, चक्रवाक कुठला, चित्रबलाक कुठं बसतो, सगळं सांगतात. नाव वल्हवता वल्हवता ती गाईड झाली. पुढं वन विभागानंही कडबनवाडी, शिर्सुफळच्या माळावर गवताळ सफारी सुरू केली. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तिथले चिंकारा, लांडगे बघायला लोक पैसे भरून येतात.

आपल्याकडं काय कमी आहे? शहाण्णव पायऱ्यांची बारव आहे, कमलादेवीचं मंदिर आहे, रावरंभा निंबाळकरांचा भुईकोट आहे आणि उजनीचा लांबच लांब काठ आहे. तरी आपला तालुका राज्याच्या बातम्यांत येतो कधी? २०२० च्या डिसेंबरात नरभक्षक बिबट्या आला तेव्हा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली तेव्हा. आणि २१ मे २०२४ ला.

ती तारीख काठावरचा माणूस विसरणार नाही. कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. ते काही पर्यटक नव्हते. आपलीच माणसं होती, रोजच्यासारखी पलीकडं निघालेली. लाइफ जॅकेट कुठं आहे, बोटीची नोंद आहे का, वारा सुटल्यावर बोट थांबवायची कुणी, हे प्रश्न त्या दिवशी सगळ्यांना आठवले. पर्यटनाचा विषय काढला की मला आधी हेच आठवतं. फिरायला येणाऱ्यांसाठी जो धक्का बांधाल, ज्या बोटी तपासाल, जी जॅकेटं आणाल, ती सर्वात आधी आपल्या माणसांच्या उपयोगाची आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी तालुक्यातल्या एका कार्यालयात जाऊन विचारलं, वर्षाला उजनीकाठी किती लोक फिरायला येतात? उत्तर मिळालं, "अशी नोंद आमच्याकडं नसते." दुसऱ्या टेबलावर विचारलं, तर ते म्हणाले, पहिल्या टेबलावर विचारा.

ऊस टनावर मोजतो आपण. काटा मारतात ही तक्रार वेगळी, पण काटा तरी आहे! कंदरच्या केळीचे कंटेनर मोजले जातात. धरणातलं पाणी तर दोन दशांशापर्यंत: उपयुक्त ५३.५७ टीएमसी, मृतसाठा ६३.६६. मग हे पाणी आणि पक्षी बघायला येणारा माणूस किती येतो, किती थांबतो, कुणाच्या हातात किती पैसे देतो, हे का मोजत नाही? ज्याचा आकडा नाही त्याला बजेटमध्ये रकाना मिळत नाही, हे एवढ्या वर्षांच्या पत्रकारितेत शिकलोय.

अमेरिकेत २०१६ साली यासाठी कायदाच केला. मासेमारी, नौकाविहार, पक्षी बघणं, डोंगर चढणं, या सगळ्यांतून देशाला काय मिळतं ते दरवर्षी मोजायचं आणि राज्यवार जाहीर करायचं. २०२३ चा आकडा निघाला देशाच्या उत्पन्नाच्या २.३ टक्के, आणि रोजगार ५० लाख. आपण अमेरिका नाही, कबूल. पण मोजायला अमेरिका व्हावं लागत नाही. ग्रामपंचायतीचं पावती पुस्तक पुरतं. माणशी दहा-वीस रुपये घ्या, गाव लिहा, किती जण ते लिहा, मुक्काम की माघारी ते लिहा. एका हंगामात चित्र समोर येईल.

काही मित्र म्हणतील, पर्यटन आलं की दारू येते, डीजे येतो, प्लास्टिक येतं. बरोबर आहे. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही धरणाच्या भिंतीजवळ जाऊन बघा. दुसरी भीती मला जास्त वाटते. काठाच्या जमिनी बाहेरचे घेतील, रिसॉर्ट बांधतील आणि आपला पोरगा त्यांच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहील. केत्तूर नंबर एक, नंबर दोन, वांगी नंबर अमुक, ही नंबरं कशानं लागली ते म्हाताऱ्यांना विचारा. मूळ गावं पाण्याखाली गेली, तेव्हा ही वसली. १९८० ला धरण पूर्ण झालं. एकदा जमीन गेली ती गेली. आता काठ पण गेला तर पुढच्या पिढीला काय सांगणार?

म्हणून माझं म्हणणं आहे, आधी नियम ठरवा. बोटीचा परवाना पहिला धरणग्रस्त आणि मच्छीमार कुटुंबाला. मुक्काम गावातल्या घरात, काठावर पक्कं बांधकाम नको. डीजेला बंदी. दोन-तीन गावांत धक्का, स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी. दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना पक्ष्यांचं प्रशिक्षण.

आणि पाण्याबद्दलही बोलावं लागेल. रोहित खोल पाण्यात चरत नाही. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला की तो येतो. म्हणजे त्याला वेगळा टीएमसी लागत नाही, शेतीच्या आवर्तनावरच त्याचा हंगाम ठरतो. पण पुण्याचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतंय, चिलापी सोडून बाकीचे मासे कमी झालेत, हे मच्छीमार कधीचे सांगताहेत. पाण्याला वास येऊ लागला तर पाहुणा एकदाच येईल.

हे सगळं चार-पाच महिन्यांचं काम आहे, बारमाही नाही. याच्यावर तालुका चालणार नाही, ऊस आणि केळी सुटणार नाहीत. पण काठावरच्या घरात हंगामाला तीस-चाळीस हजार जास्तीचे आले, तर कॉलेजची फी निघते, सोसायटीचं व्याज निघतं.

जलपर्यटनाचे आराखडे मंजूर होताहेत. शिरसोडी-कुगाव पूलही मंजूर झालाय. तो झाला की पुणं जवळ येणार. त्या पुलावरून गाड्या येतील तेव्हा आपण तयार असू, की पुन्हा साठ रुपयांचा चहाच विकू, हे आत्ता ठरणार आहे.

काठावरच्या सरपंचांना एकच विनंती. येत्या डिसेंबरपासून एक वही घाला. आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद करा. मार्चअखेर ती वही मला दाखवा. बातमी मी छापतो, आणि तोच आकडा घेऊन आपण सगळे मिळून तहसीलला जाऊ.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर का नाही, ते खाली लिहा. शिव्या नकोत, मुद्दे चालतील.